सतरा तारखेचा चीजकेक

४ मे, सोमवार

चीजकेक! आजवर कधी तोंडात घातलेला नाही, आणि आता करायचा म्हणे. तोही पाहुण्यांसाठी.

तेजश्री खोपोलीच्या रक्ततपासणी लॅबमधून आली, पर्स खुंटीला अडकवली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "आई, सतरा तारखेला रविवार आहे. लॅबमधल्या चौघांना जेवायला बोलावू का?" मी भाकरी थापत होते. हात तसाच राहिला. माझा मुलगा ओमकार होता तेव्हा आमच्या ओट्यावर सारख्या कुणाच्या ना कुणाच्या चपला असायच्या. तो गेल्यापासून चार वर्षांत सुनेने स्वतःचं असं कुणालाच बोलावलं नाही. मीही कधी "बोलाव" म्हटलं नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

म्हटलं, बोलाव की. विचारतेस काय!

"कोंबडी तुम्ही करा. बाकी मी बघते. गोडाला चीजकेक करू या, करवंदाचा. रूपेशने खास सांगितलंय."

रूपेश कोण ते मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

ह्यांच्या कानावर घातलं. "बरं," म्हणाले आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून एवढंच बोलतात. रिटायर झाल्यापासून म्हणजे — ओमकार गेल्यापासून. दोन्ही एकाच वर्षी झालं.

६ मे, बुधवार

पहिला प्रयत्न. तेजश्रीने शिळफाट्याच्या दुकानातून चीजचा डबा आणि तळ सुटा होणारा केकचा डबा आणलाय. चीज महाग, म्हणून निम्मं चीज आणि निम्मा घरच्या दह्याचा चक्का घ्यायचं ठरवलं. रियाला सुट्टी आहे, ती मोबाइल धरून वाचत होती आणि मी करत होते. बिस्किटांचा चुरा, त्यात वितळलेलं लोणी, ते डब्याच्या तळाला दाबून बसवायचं. वर चीज, चक्का, साखर, अंडी फेटून ओतायचं. सोपं वाटलं. नेहमीच्या केकसारखा ओव्हन तापवला आणि ठेवला.

बाहेर काढला तर वर एवढी मोठी भेग! आतून फाटलेल्या दुधासारखा. रिया म्हणाली, "आजी, हा हसतोय बघ." आठ वर्षांची झाली, बोलण्यात बापावर गेली आहे अगदी.

ह्यांनी चमच्याने थोडा खाल्ला. "गोड पनीर हाय," म्हणाले. चार शब्द नव्हे, तरी तीन! मला बरं वाटलं.

७ मे, गुरुवार

संध्याकाळी मागच्या पडवीत वाळलेले कपडे काढायला गेले. तेजश्री विहिरीकडे तोंड करून फोनवर बोलत होती. मी मुद्दाम ऐकलं नाही. पण तिथून हललेही नाही, हे खरं.

"नाही रे रूपेश, इथे घरी कुणालाच माहीत नाही अजून... आईंना मी सांगेन वेळ बघून. बाबांचं काही सांगता येत नाही, ते जुन्या वळणाचे आहेत... हो, सतराला. सगळ्यांसमोरच होऊन जाऊ दे."

मग हसली. ते हसू मी किती दिवसांनी ऐकलं!

कपडे घेऊन आत आले. घड्या घालत बसले, मग लक्षात आलं की एकच टॉवेल मी चार वेळा उलगडतेय.

८ मे, शुक्रवार

काही सुचलं नाही. केला नाही केक.

९ मे, शनिवार

खालापूरच्या स्टँडवर वाडीवरची ठकी बसते, तिच्याकडून करवंदं घेतली. पानाच्या द्रोणात काळीभोर. म्हटलं, माझ्या पिशवीतच ओत, जास्त हवीत. "एवढी कशाला गं बाय? लोणचं घालतीस का काय?" म्हटलं, केक करायचाय. तिला इतकं हसू आलं की शेजारची भाजीवाली पण हसायला लागली. परत निघाले तर अजून एक ओंजळ वर घातली. "केकाला," म्हणाली.

घरी येऊन ती धुतली, साखर घालून शिजवली आणि चाळणीवर घासून बिया वेगळ्या केल्या. बोटं चिकट आणि जांभळी झाली, साबणानेही जाईनात. पण रंग काय आलाय! जांभळ्याच्या आत लाल. चव घेतली — आंबट, गोड आणि शेवटी जिभेवर किंचित तुरट. हे चीजमध्ये छान लागणार.

मग वाटलं, कुणासाठी एवढं मी छान करतेय? जो माझी सून घेऊन जाणार त्याच्यासाठी?

हे वाक्य लिहून टाकलं. आता खोडणार नाही.

१० मे, रविवार

दुसरा प्रयत्न. या वेळी रियाने नीट वाचलं: ओव्हन मंद ठेवायचा, आणि केकचा डबा गरम पाण्याच्या ट्रेमध्ये बसवायचा. मध्ये हलतोय असं वाटतं तेव्हाच बंद करायचा, आणि दार उघडायची घाई करायची नाही.

भेग पडली नाही! वरून चंदनाच्या खोडासारखा गुळगुळीत. मी आणि रियाने टाळ्या वाजवल्या. डबा सोडवला तर खालून पाणी! सुट्या तळाच्या फटीतून पाणी आत गेलं आणि बिस्किटांचा लगदा झाला. पुढच्या वेळी बाहेरून फॉइलचे दोन वेढे घालायचे.

वरचा भाग मात्र छान लागला. तेजश्रीने डोळे मिटून खाल्ला. "आई, अजून जरा आंबट चालेल." मग आपणच म्हणाली, "नको, असाच असू दे." तिच्या तोंडाकडे बघत राहिले. बत्तीस वर्षांची आहे ती. मी बत्तीस वर्षांची होते तेव्हा ओमकार चौथीत होता आणि मी अंगणवाडीच्या कामासाठी पायी दोन गावं फिरत होते. पुढे किती आयुष्य पडलंय असं तेव्हा वाटायचं.

१२ मे, मंगळवार

आज तो येऊन गेला!

खोपोलीहून टमटम मिळाली नाही म्हणून तेजश्रीला मोटारसायकलवर सोडायला आला. सावळा आहे, उंच, चष्मा. चप्पल काढून ओट्याच्या पायरीशीच थांबला. मी पाणी दिलं. "काकू, मॅडम सांगत होत्या तुम्ही आमच्यासाठी केक करताय. उगाच त्रास तुम्हाला."

मॅडम म्हणाला. ताई म्हणाला नाही. लॅबमधली बाकीची पोरं फोनवर तिला ताईच म्हणतात.

ह्यांच्या पाया पडायला वाकला, तर हे चटकन मागे सरकले. "राहू द्या, राहू द्या." रियाशी मात्र तो लगेच गप्पा मारायला लागला — मायक्रोस्कोपमध्ये रक्त कसं दिसतं, नि काय काय. ती त्याला सोडेना. चांगला आहे मुलगा. वाईट असता तर सोपं झालं असतं. बोट ठेवायला काहीतरी मिळालं असतं.

तो गेल्यावर ह्यांनी विचारलं, "कोन होता?" म्हटलं, हिच्या लॅबमधला. ते माझ्याकडे बघत राहिले. मी आत निघून आले.

१३ मे, बुधवार

छातीत दुखतंय असं खोटंच सांगून झोपून राहिले तर सतरा तारीख टळेल, असं आज मनात आलं. आलं खरं.

१५ मे, शुक्रवार

दुपारी येसूबाई आली. माझी मोठी जाऊ, शेजारच्याच घरात असते. मोटारसायकल तिने बघितलीच असणार, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. सुपारी कातरता कातरता म्हणाली, "तुझ्या सुनेला कोन सोडायला येतो गं?"

"लॅबमधला आहे."

"बघ हां, इमल. सून जाईल ती जाईल, नातीला पण घेऊन जाईल. मंग बसाल दोघं भिंतींकडं बघत. आत्ताच आवर."

मी म्हटलं, "आवरायला ती काय गाय-वासरू आहे का?" तिला राग आला. उठून गेली.

तिला बोलले खरं. पण ती जे बोलली तेच मी आठ दिवस माझ्याशी बोलतेय. फक्त इतक्या उघड नाही.

आज शांत बसून विचार केला. ओमकार तापाने गेला. चार दिवस डेंग्यू डेंग्यू म्हणत राहिले सगळे, आणि पाचव्या दिवशी संपलं. बाराव्याला तेजश्रीचे आईवडील कर्जतहून आले होते. तिची आई म्हणाली, "चल, पोरीला घेऊन घरी चल." तेजश्री म्हणाली, "हेच घर आहे." तेव्हा मी तिला मिठी मारून रडले. सगळ्या बायका म्हणाल्या, सून असावी तर अशी. मलाही तसंच वाटलं. त्यानंतर तिने लॅबची नोकरी धरली, रियाची शाळा बघितली, ह्यांची डोळ्यांची ऑपरेशनं करवून घेतली, माझ्या गुडघ्यांसाठी घरात कमोड बसवला. सकाळी जाते, संध्याकाळी येते. आणि आम्ही दोघं तिच्या येण्याच्या वाटेकडे बघत बसतो. ती आमच्यासाठी थांबली, ते आम्ही कौतुक म्हणून सांगत फिरलो. तिला "जा" असं एकदाही कुणी म्हटलं नाही. मी तर नाहीच.

ती जर मला म्हणाली, आई, मी जाते — तर मी काय म्हणेन? आजपासून ते वाक्य तयार करायला हवं.

१६ मे, शनिवार

आजचा दिवस लिहायलाच हवा.

सकाळी कामाला लागले. डब्याला फॉइलचे दोन वेढे. बिस्किटांचा तळ आधी जरा भाजून घेतला. चीज, चक्का फेटून शेवटी अंडी. वरून करवंदांचा गर चमच्या-चमच्याने सोडला आणि काडीने गोल फिरवला. संगमरवरावर असतात ना, तशा रेघा उठल्या. पाण्याच्या ट्रेत ठेवला, ओव्हन लावला, दार बंद.

थोड्या वेळाने वारा सुटला. पत्रे वाजायला लागले आणि — वीज गेली. ओव्हनमधला दिवा विझला.

आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? बरं झालं.

खरंच हेच आलं. क्षणभरच. पण आलं. केक बिघडला म्हणजे उद्याचं सगळं बिघडेल, असं काहीतरी खुळं. मी ओव्हनपुढे पाटावर बसून राहिले. काच अजून गरम होती. आत तो अर्धाकच्चा, मध्ये पाण्यासारखा हलत असलेला. रिया म्हणाली, "आजी, आता काय करायचं? मम्मीला काय सांगायचं?" तिचा चेहरा रडवेला झाला होता. सकाळपासून तिने माझ्याबरोबर काम केलं होतं.

मग एकदम डोक्यात आलं — अगं, हे तर खरवसासारखंच! दुधाचं गोड, मंद वाफेवर घट्ट होणारं. आयुष्यभर केलाय मी खरवस. उठले. मोठं पातेलं गॅसवर ठेवलं, तळाला पाणी, त्यात उपडी ताटली, तिच्यावर फडक्याने धरून केकचा डबा अलगद बसवला. झाकणाला ह्यांचा पंचा बांधला, म्हणजे वाफेचं पाणी केकवर टपकायला नको. गॅस अगदी बारीक. हे दारात उभे राहून बघत होते. "माझा पंचा?" म्हणाले. म्हटलं, हो, तुमचाच. उभे राहिले तसेच.

झाकण उघडलं तेव्हा आम्ही तिघंही वाकलो. कडेने बसलेला, मधोमध किंचित थरथरता. हवा तसा! वरच्या रेघा जशाच्या तशा. रियाने माझ्या कमरेला मिठी मारली. हे म्हणाले, "जमलं गं."

गार झाल्यावर संध्याकाळी — वीज आली होती तोवर — फ्रिजमध्ये ठेवायला गेले. मधल्या कप्प्यात जागा करायची म्हणून भाजी बाजूला सरकवली. मागे ओल्या वर्तमानपत्राचं पुडकं. तेजश्री आज खोपोलीहून येताना काहीतरी पिशवीत घेऊन आली होती आणि थेट स्वयंपाकघरात गेली होती. पुडकं उघडलं.

दोन हार. निशिगंध आणि गुलाबाचे. जोडीचे.

म्हणजे उद्याच! सगळ्यांसमोर! इथेच, आमच्या ओट्यावर!

मी पुडकं होतं तसं बांधलं. केक त्याच्या शेजारी ठेवला. फ्रिजचं दार लावून त्याला टेकून उभी राहिले.

१७ मे, रविवार

सकाळी ह्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, फोन, हार, सगळं. म्हटलं, "तुम्ही काही वेडंवाकडं बोलू नका. पोरगा चांगला आहे. मी हो म्हणणार आहे." भांडतील असं वाटलं होतं. उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळाने मोरीत बघितलं तर आरशासमोर उभे राहून दाढी करत होते.

१८ मे, सोमवार

काल सकाळनंतरचं लिहिणं शक्यच नव्हतं. आजही कान गरम होतायत.

चौघं आले. रूपेश, लॅबमधला नीलेश, एक वयस्कर सिस्टर आणि प्रिया म्हणून एक बारीकशी मुलगी. हिरवी साडी नेसलेली, फार कमी बोलणारी. तेजश्रीनेही छान साडी नेसली होती. ओमकार गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्या केसांत गजरा दिसला. मला ते बघवेना आणि नजरही हटेना.

जेवणं झाली. कोंबडी, तांदळाच्या भाकऱ्या, वालाची उसळ. नीलेशने तीनदा रस्सा मागितला. मग मी केक बाहेर आणला. सगळे "वा!" म्हणाले. प्रिया म्हणाली, "काकू, करवंदं!" तेजश्री उठली. "एक मिनिट हं, आधी मला काहीतरी सांगायचंय," म्हणाली आणि फ्रिजकडे वळली.

मला वाटलं, तिला बोलायला लावायचं नाही. तिने विचारायचं आणि आम्ही परवानगी द्यायची, असं व्हायला नको. म्हणून मीच उभी राहिले. हातात सुरी होती केक कापायची.

"थांब तेजश्री. आधी मी बोलते. रूपेश, मला सगळं कळलंय. आमचं काही म्हणणं नाही. ओमकार गेला त्यात हिचा काय दोष? चार वर्षं हिने आमचं केलं, आता हिने आपलं बघावं. हिला सुखात ठेव. रियाला पण घेऊन जा, आईपासून तोडायची नाही तिला. सणावाराला तेवढी पाठवत जा. आम्ही दोघं आहोत इथे."

एवढं सगळं मी न थांबता बोलले. आवाजही कापला नाही. दोन दिवस मनात तयार केलेलं वाक्य होतं.

रूपेशचं तोंड उघडंच. नीलेश ताटाकडे बघायला लागला. प्रियाचा चेहरा पांढराफटक. आणि तेजश्री फ्रिजसमोर, हातात ते पुडकं घेऊन, अशी उभी की कुणीतरी तिच्या अंगावर गार पाणी ओतलंय.

रूपेश अडखळत म्हणाला, "काकू... माझं आणि प्रियाचं... परवा आमचं रजिस्टर लग्न झालं. तिच्या घरचे तयार नाहीत. माझेही नाहीत. कुणीच आलं नाही. मॅडम म्हणाल्या, निदान हार तरी घालू, कुणाच्या तरी घरात, मोठ्या माणसांसमोर. तुम्हाला आधी सांगितलं तर बाबा नाही म्हणतील अशी त्यांना भीती होती."

मी सुरी खाली ठेवली आणि सरळ मागच्या पडवीत गेले. धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते कळलं. आतून ह्यांचा आवाज आला. किती दिवसांनी एवढा मोठा!

"मंग घाला की हार. पोरं कवाची बसलीत. आन् कोन नाय आलं म्हंजे? आमी हाय ना."

मग हेच बाहेर आले. "चल गं. पोरीला आई लागंल हितं."

ओट्यावर हार घातले. प्रियाच्या बाजूने मी उभी राहिले, रूपेशच्या बाजूने हे. सिस्टरने तांदूळ टाकले. प्रिया माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. अजून शरमेने मरत होते, तरी फिरवत राहिले. केकचा पहिला घास मी दोघांना भरवला. "काकू, असा कुठल्या हॉटेलात पण नाही मिळत," रूपेश म्हणाला. हे म्हणाले, "माझ्या पंच्यावर झालाय." सगळे हसले. तेही हसले! दोन तुकडे खाल्ले त्यांनी.

तेजश्री सगळ्यांना वाढत होती, बोलत होती. माझ्याकडे मात्र एकदाही बघितलं नाही. पाहुणे गेल्यावर "आई, तुम्ही दमलात, भांडी मी घासते" एवढंच म्हणाली.

काय केलं मी हे! चारचौघांत तिला लाजवलं. आता लॅबमध्ये ती तोंड कसं दाखवेल?

१९ मे, मंगळवार

आज तिला सुट्टी होती. मी तांदूळ निवडत होते. ती येऊन समोर बसली, तीही निवडायला लागली. हे मागच्या दारात विळ्याला धार लावत होते.

मी म्हटलं, "तेजश्री, परवाचं मनात ठेवू नकोस. म्हातारीची चूक झाली."

ती म्हणाली, "आई, एक विचारू? ते जे तुम्ही बोललात, ते फक्त रूपेश होता म्हणून? की — कुणीही असता तरी?"

तिने वर बघितलं नाही. खडा नसलेला तांदूळ बाजूला काढत होती.

म्हटलं, "कुणीही. चांगला असला म्हणजे झालं."

मग तिने सांगितलं. अगदी हळू, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगतेय. साईराज नाव. पेणचा. लॅबची मशीनं दुरुस्त करायला यायचा. पेणच्या स्टँडसमोर त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. दीड-दोन वर्षं ओळख. त्याने गेल्या दिवाळीत विचारलं. म्हणाला, रियासकट. हिने नाही म्हणून सांगितलं.

"का गं?"

"तुम्हाला दोघांना कसं सोडून जाऊ? आणि विचारणार तरी कसं? तुम्ही सगळ्यांना सांगता, माझी सून नाही, मुलगी आहे. मुलीने असं विचारायचं असतं का?"

त्यानंतर तो लॅबमध्ये आला नाही. दुसरा माणूस पाठवतो. त्याचं लग्न ठरलं, झालं, की काय, तिला काही ठाऊक नाही. "मी फोन नाही करणार आई. कुठल्या तोंडाने करू? नाही म्हणून बसलेय. जाऊ दे. फक्त तुम्हाला सांगावंसं वाटलं."

उठून गेली. तांदूळ तसेच.

रूपेशसाठी मी मन घट्ट केलं होतं. आठ दिवस लागले. आणि आज "साईराज" हे नाव ऐकताच पहिलं मनात आलं — म्हणजे खरंच जाईल ही! परवाचं सगळं बोलणं चुकीच्या माणसापुढे झालं, म्हणून का ते इतकं सोपं गेलं? असेलही. पण दिलेला शब्द दिलेला आहे. तो मी रूपेशला नाही, तिला दिलाय. आणि ती तर दिवाळीपासून गप्प आहे. ती दिवाळी आम्ही चौघांनी एकत्र केली होती. करंज्या करताना ती गाणं गुणगुणत होती, आणि मी ह्यांना म्हटलं होतं, पोर सावरली बरं का.

विळ्याचा आवाज केव्हा बंद झाला ते मला कळलंच नाही. मागे बघितलं तर ह्यांच्या हातात विळा तसाच होता.

"पेनला, स्टँडसमोर?" एवढंच विचारलं त्यांनी.

२१ मे, गुरुवार

हे सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. कुठे म्हटलं तर "येतो" म्हणाले. दुपारी फोन आला, मागे एसटीचा गोंगाट.

"भेटला गं. लगीन नाय केलं त्यानं. रविवारी येतोय आपल्याकडं."

तेजश्री अजून लॅबमधून यायची आहे.